एकाच किटलीच्या अनेक प्रती



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवत आले. त्यांच्या प्रयोगशाळेतला बीकर ज्यांनी हाताळला, त्यांच्यापैकी बरेचजण आज इथे बसले आहेत. त्या बीकरची काच मूळची ज्या गावची, त्या जर्मनीतल्या येनामध्ये मी नोकरीनिमित्त काही वर्षं राहिले. तिथल्या काचेचा आणि आजूबाजूच्या चिनी मातीच्या भांड्यांचा मला जो लळा लागला, तो अजून सुटलेला नाही. म्हणून आजचा विषय कारखान्यांत लाखांनी निघालेल्या, विसाव्या शतकातल्या आधुनिक घडणीच्या भांड्यांचा, आणि ती जमवण्याचा.

संग्राहक म्हटलं की आपल्याला दुर्मीळ वस्तू आठवतात. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे पाहताना आपण थबकतो, कारण प्रत्येकावर कुणाच्या तरी हाताची वेगळी कारागिरी असते. मी ज्या भांड्यांविषयी बोलणार आहे त्यांचा जन्मच मुळी दुर्मीळ न राहण्यासाठी झाला. शेजारणीकडे जी किटली, तीच आपल्याकडे असावी, हीच ती घडवणाऱ्यांची इच्छा होती. अशा वस्तूच्या संग्राहकाने करायचं काय? माझं उत्तर सुरुवातीलाच सांगते. शंभर वस्तूंची एकेक प्रत कपाटात लावण्यापेक्षा एकाच वस्तूच्या जमतील तितक्या प्रती जमवाव्यात. कारखान्यातल्या भांड्याची एक प्रत फारसं काही बोलत नाही. वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या घरांतून आलेल्या पाच-सहा प्रती शेजारी ठेवल्या की त्या बोलू लागतात.

काचेपासून सुरुवात करू. काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतायचा असेल तर आपल्या घरांतून आधी चमचा ठेवतात. आतली बाजू झटकन तापून फुगते, बाहेरची अजून थंड असते, आणि या ओढाताणीत काच तडकते. चमचा थोडी उष्णता स्वतःकडे घेतो. ओटो शॉट या रसायनतज्ज्ञाने यावर मुळातूनच इलाज केला. एर्न्स्ट आबे, कार्ल झाइस आणि झाइसचा मुलगा रोडेरिख यांच्या साथीने त्याने १८८४ मध्ये येनात काचेची प्रयोगशाळा काढली. सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांसाठी आणि तापमापकांसाठी नव्या काचा हव्या होत्या. वाळूच्या रसात बोरॉनचं ऑक्साइड मिसळून त्याने जी काच केली, ती तापल्यावर साध्या काचेच्या साधारण तिसरा हिस्सा फुगते. म्हणून ती सहजी तडकत नाही. हीच बोरोसिलिकेट काच. मुंबईत १९६२ मध्ये सुरू झालेल्या बोरोसिल कंपनीच्या नावातच ती बसली आहे, आणि आपल्या मायक्रोवेव्हमधल्या वाडग्याचं मूळ तिच्यापर्यंत जातं.

या काचेने कारखान्याला पैसा मिळवून दिला तो मात्र दिव्यांवर. गॅसच्या दिव्यांच्या चिमण्या तापून फुटत. येनाच्या फुटत नसत. त्या अफाट खपल्या. मग वीज आली, गॅसचे दिवे मावळू लागले, आणि कारखान्याला दुसरं गिऱ्हाईक शोधणं भाग पडलं. ते स्वयंपाकघरात सापडलं. बाळांच्या दुधाच्या बाटल्या, भट्टीत ठेवायची भांडी, कॉफीची पात्रं. ही भांडी निघाली तेव्हा कारखान्याची मालकी कोणा एका शेठजीकडे नव्हती. आबेने झाइसच्या नावाने धर्मादाय संस्था स्थापून उद्योग तिच्या हवाली केला होता, आणि पुढे शॉटनेही आपला वाटा तिलाच दिला. झाइसच्या कारखान्यात १९०० सालीच आठ तासांचा दिवस सुरू झाला होता. चांगली वस्तू सगळ्यांच्या आवाक्यात यावी, हा विचार ज्या गावात रुजला त्या गावची हवा अशी होती, हे विसरू नये.

आता माणूस. विल्हेल्म वागेनफेल्ड, जन्म १९००, ब्रेमेन. चांदीच्या भांड्यांच्या कारखान्यात उमेदवारी करून तो १९२३ मध्ये वायमारच्या बाउहाउस या कला-घडणीच्या शाळेत आला. दुधी काचेच्या घुमटाचा त्याचा १९२४ चा टेबलदिवा आज जगभर ओळखला जातो. त्याच वर्षी तो दिवा लाइपझिगच्या जत्रेत विक्रीला नेला तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याची टर उडवली. दिसायला यंत्रातून निघालेला स्वस्त माल, आणि किंमत हातकारागिरीची! त्यांचं बरोबर होतं. बाउहाउसच्या कार्यशाळेतल्या वस्तू कारखान्याच्या मालासारख्या दिसत. प्रत्यक्षात माणसं त्या एकेक ठोकून, घासून घडवत होती. वागेनफेल्डच्या मनाला हे लागलं असावं, असं मला त्याचं पुढचं आयुष्य पाहून वाटतं. बाउहाउस डेसाऊला हललं तेव्हा तो वायमारमध्येच राहिला, आणि १९३१ पासून येनाच्या काचकारखान्यासाठी काम करू लागला.

त्याच वर्षीची ती किटली. पातळ, पारदर्शक, वरून थोडी दाबलेल्या गोळ्यासारखी. काचेचा कान, काचेची चोच, काचेचं झाकण, आणि पोटात उतरणारी गाळणीही काचेचीच. पत्ती गाळणीत घालायची, पाणी ओतायचं आणि रंग किती चढला ते बाहेरूनच पाहायचं. हवा तेवढा चढला की गाळणी उचलून घ्यायची. कुठे नक्षी नाही, सोन्याची रेघ नाही. चहा हाच तिचा दागिना. घडवणाऱ्याने शोभेच्या जागी एक क्रिया दाखवली आहे, आणि ती रोज, प्रत्येक घरात, नव्याने घडते. या किटलीसमोर मी अजूनही उभी राहते.

ती साच्यात फुंकून होते. फुंकणारी माणसंच असत. त्यामुळे दोन किटल्या हुबेहूब सारख्या नसतात. एकीची भिंत नखभर जाड, दुसरीत टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा, तिसरीचा कान किंचित कललेला. एकच प्रत पाहणाऱ्याला हे कळायचं नाही. दोन शेजारी ठेवा, कारखान्यातला माणूस दिसू लागतो.

मग किटली उलटी करून बुडावरची खूण पाहायची. इथे या व्याख्यानाचा गाभा आहे, म्हणून जरा रेंगाळते. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य येनात शिरलं. जर्मनीच्या वाटणीत हा भाग सोव्हिएत ताब्यात जाणार हे ठरलेलं होतं. जाण्यापूर्वी अमेरिकनांनी शॉटचे ४१ तज्ज्ञ आणि व्यवस्थापक सोबत पश्चिमेला नेले. भट्ट्या, साचे, कामगार मागे राहिले. पुढे १९४८ मध्ये येनाचा कारखाना सरकारजमा झाला. पश्चिमेला गेलेल्यांनी वर्षानुवर्षं इकडेतिकडे काढून १९५२ मध्ये माइन्झ इथे नवा कारखाना उभा केला. आता एका घराण्याचे दोन कारखाने झाले, मधून सीमा गेली, आणि दोघेही येनाच्या काचेचं नाव लावून भांडी काढू लागले. नाव कुणाचं, यावर कोर्टकज्जे झाले ते निराळेच.

म्हणून एकाच जातीच्या भांड्यांच्या बुडावर कधी येना, कधी माइन्झ वाचायला मिळतं. एका फळीवर युद्धापूर्वीची येनाची, युद्धानंतरची येनाची आणि माइन्झची अशी तीन भांडी ठेवा. फाळणीवरची पुस्तकं मीही वाचली आहेत, पण एका देशाची दोन घरं होताना चहाचं भांडंसुद्धा कसं वाटून घेतलं जातं, हे मला त्या फळीने शिकवलं. पुढच्या घडणीही दोन वाटांनी गेल्या. माइन्झची भांडी पन्नासच्या दशकात हाइनरिश ल्योफेलहार्टने नव्याने घडवली. तो वागेनफेल्डच्याच हाताखाली तयार झालेला. येनासाठी साठच्या दशकात इल्झे डेको या हालेच्या कलाशाळेत शिकवणाऱ्या बाईंनी चहाचा नवा संच केला. दोन्हींमध्ये १९३१ ची किटली आजीसारखी डोकावते. एकमेकांशी बोलणं तुटलेल्या दोन घरांत नाक तेच राहावं, तसं.

चिनी मातीच्या भांड्यांत अशीच एक गोष्ट आहे, आणि ती सोपी नाही. १९३१ हेच साल. आर्झबर्गच्या कारखान्याने हेरमान ग्रेचने घडवलेला पांढरा संच बाजारात आणला. त्याला नाव नाही, नुसता क्रमांक: १३८२. जुन्या संचांसारखा तो अख्खा घ्यावा लागत नसे. परवडेल तशी आज कपबशी, पुढच्या महिन्यात ताटली. त्याच सुमारास मार्गेरिट फ्रीडलेंडर यांनी बर्लिनच्या सरकारी पोर्सलीन कारखान्यासाठी एक संच केला, तो हालेच्या नावाने ओळखला जातो. इतका शांत, इतका नेमका कप मी दुसरा हातात घेतलेला नाही. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. फ्रीडलेंडर ज्यू होत्या. त्यांची हालेच्या कलाशाळेतली नोकरी गेली, त्या आधी हॉलंडला आणि १९४० मध्ये अमेरिकेला गेल्या; उत्तर कॅलिफोर्नियातल्या पाँड फार्मवर त्यांनी पुढची कित्येक वर्षं माणसांना चाकावर माती धरायला शिकवलं. त्यांचा संच मात्र बर्लिनमध्ये निघतच राहिला. ज्या राजवटीने बाईंना घालवलं तिच्या टेबलांवर त्यांच्या कपांतून कॉफी ओतली गेली असणार.

साधं, स्वच्छ रूप म्हणजे स्वच्छ मन, असं आधुनिक घडणीचे चाहते नकळत धरून चालतात. मला ते मान्य नाही. ग्रेचने त्या राजवटीत अधिकाराची पदं सांभाळली आणि त्याचा कप सुंदरच राहिला. वागेनफेल्डने पक्षाचं सदस्यत्व घेतलं नाही, युद्धात त्याला पूर्व आघाडीवर धाडलं गेलं, सोव्हिएतांच्या कैदेत तो पडला. त्याच्या भांड्यांतही हे कुठे लिहिलेलं नाही. भांड्याला हे सांगता येत नाही, म्हणून ते लिहून ठेवणं संग्राहकाचं काम आहे. फ्रीडलेंडरांचा कप नुसता 'बर्लिन पोर्सलीन, तिसचं दशक' अशी चिठ्ठी लावून मांडणं मला अन्यायाचं वाटतं.

वागेनफेल्ड १९३५ पासून लाउझिट्झ भागातल्या वाइसवासर इथल्या मोठ्या काचकारखान्यात कलाप्रमुख होता. तिथले १९३८ चे चौकोनी काचेचे डबे तुमच्यापैकी काहींनी चित्रांत पाहिले असतील. वेगवेगळ्या मापांचे, झाकणांचे, एकमेकांवर चढून अखेर एक ठोकळा तयार होईल असे. उरलेलं अन्न त्यांत ठेवायचं, तसंच टेबलावर आणायचं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ते आहेत. मला त्यांच्याहून प्रिय आहे ती त्याच वर्षीची पेलिकन शाईची दौत. शाई संपली की फेकून द्यायची बाटली! तिच्यावरही त्याने तितकाच जीव लावला. संग्राहकांना ती पुष्कळदा तळाशी वाळलेल्या शाईसकट मिळते. ती शाई धुऊ नका, एवढीच माझी विनंती आहे.

इथे एक धागा आपल्याकडे येतो, तो ओझरता सांगते. युद्धानंतर उल्मच्या डिझाइन शाळेत निक रोएरिख्ट या विद्यार्थ्याने १९५८-५९ मध्ये पदविकेसाठी उपाहारगृहांची भांडी केली. कप, वाडगे, किटल्या सगळ्यांची कड अशी की एकावर एक घट्ट चढतात. रोझेन्थालच्या कारखान्याने ती काढली आणि अनेक कॅंटीनमध्ये ती वर्षानुवर्षं आपटली, धुतली, रचली गेली. त्याच शाळेत आपले जे.जे.चे सुधाकर नाडकर्णी साठच्या दशकात शिकले, आणि १९६९ मध्ये पवईच्या आय.आय.टी.त इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं ते त्यांच्या पुढाकाराने. रोजच्या वापरातली वस्तू हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे, हे मराठी मुलांना शिकवणारी वाट अशी उल्मवरून आली.

आता ज्या पेल्यासाठी मी खरं तर इथे उभी आहे, त्याच्याकडे वळते.

पूर्व जर्मनीत कच्चा माल कमी आणि उपाहारगृहांतले पेले फुटण्याचं प्रमाण मोठं. तिथल्या काचतज्ज्ञांनी यावर जो उपाय काढला तो सरांना ऐकायला फार आवडला असता. साध्या काचेत सोडियमचे अणू असतात. तयार पेला पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षाराने न्हाऊ घातला, की पृष्ठभागावरचे सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे घुसतात. ते आकाराने मोठे; लहान जागेत ठासून बसतात आणि काचेची कातडी दाबाखाली येते. तडा जायला आधी तो दाब मोडावा लागतो, म्हणून पेला साध्या काचेपेक्षा कितीतरी पट दणकट होतो. आज मोबाइलच्या काचा याच तत्त्वावर करतात. सॅक्सनीतल्या श्वेपनिट्झ गावी १९८० पासून हे पेले निघू लागले. नाव सुपरफेस्ट. पाउल बिटनर, फ्रिट्झ कॉयशेल आणि टिलो पोइट्झ यांनी त्यांना रूप दिलं: वरचा भाग किंचित रुंद, त्याखाली सरळ अंग, एकात एक रचले तरी अडकत नाहीत, आणि ओला हातही घसरत नाही. दहा वर्षांत सुमारे १२ कोटी पेले निघाले.

पश्चिमेकडे ते विकण्याचे प्रयत्न झाले. व्यापाऱ्यांनी नाकारले, आणि कारण लपवलं नाही: जो पेला फुटत नाही, त्याचं गिऱ्हाईक परत येत नाही. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि त्याच वर्षी उत्पादन थांबलं. इतका पुढचा पेला, आणि त्याला बाजार नाही! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मनापासून राग आला होता. तो अजून ओसरलेला नाही, आणि ओसरावा असंही मला वाटत नाही.

त्या काळात पूर्वेकडची माणसं आपलीच भांडी रस्त्याच्या कडेला ठेवून देत होती. पश्चिमेचं नवं, रंगीत सामान आलं होतं. जुन्याची लाज वाटू लागली होती. मी तिथे पोचले तेव्हा तो पूर ओसरून बराच काळ लोटला होता, पण रविवारच्या जुन्या बाजारात त्याचे अवशेष येत. म्हातारं माणूस गेलं की मुलं घर रिकामं करत आणि खोक्यांतून आयुष्यभराची कपाटं टेबलावर उतरत. मी विक्रेत्याला किमतीआधी विचारी: हे कुणाच्या घरचं, कशाला वापरत? बहुतेकांना सांगायला आवडे. ही आजीची, हिच्यात ती कॅमोमाइल करायची. हे पेले कारखान्याच्या कॅंटीनमधून आलेत, कसे ते विचारू नका. मी ते वहीत उतरवून घेई, आणि भांड्याच्या पोटात चिठ्ठी टाकी. आयझेनह्यूटेनश्टाटच्या संग्रहालयात पूर्व जर्मनीचं रोजचं आयुष्य अशाच, लोकांनी आणून दिलेल्या वस्तूंतून उभं केलं आहे. वस्तूसोबत तिची हकीकतही मोलाची मानणारी ही पद्धत मला सर्वांत पटते.

बाजारातल्या दुसऱ्या एका सवयीबद्दल मात्र बोलायलाच हवं. भांडं साधं आणि जर्मन दिसलं, की त्यावर 'बाउहाउस' अशी चिठ्ठी लागते आणि किंमत तिप्पट होते. वागेनफेल्डची किटली बाउहाउसची नाही. ती एका कारखान्याची आहे, जिथे रसायनतज्ज्ञ, साचेकार, फुंकणारे आणि घडणकार एकत्र बसले. कारखान्याचं श्रेय शाळेला देणं म्हणजे त्या फुंकणाऱ्यांना दुसऱ्यांदा निनावी करणं. आणि किमती चढवून जी भांडी सगळ्यांसाठी केली ती थोड्यांच्या काचकपाटात कोंडणं, हे तर त्यांच्या जन्माच्या हेतूलाच मारणं आहे. म्हणून मी न वापरलेली, मूळ खोक्यातली प्रत मुद्दाम शोधत नाही. पेल्याच्या तळाशी चमच्याने पडलेले ओरखडे, कडेचा टवका, गाळणी फुटल्यावर कापडाने गाळून चालवलेली किटली, दुसऱ्याच किटलीचं बसवलेलं झाकण: मला ही हवी असतात. आमच्या घरी ती वापरातही आहेत. एखादं फुटतं. लाखांनी निघालेल्या भांड्याला तेवढा हक्क असावा, असं मी मानते.

आणि हे सगळं जर्मनीतच करायला हवं असं कुठे आहे? बोरोसिलचे जुने बीकर, शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून बाद झालेल्या परीक्षानळ्या, इराण्याच्या हॉटेलातले जाड कप, टपरीवरचे कंगोऱ्यांचे पेले यांच्या बुडावरही खुणा असतात. त्या कोणी वाचून ठेवल्या आहेत का, कोणत्या भट्टीतून काय निघालं हे भट्टीवरच्या माणसांना विचारून घेतलं आहे का? ती माणसं अजून आपल्यात आहेत. सरांच्या प्रयोगशाळेतली काच कपाटात असेल तर ती भंगारात जाण्याआधी संयोजकांनी मला कळवावं, मी स्वतः येऊन यादी करीन.

सभागृहाच्या मागच्या बाजूला टेबलावर मी काही भांडी आणली आहेत. येनाची आणि माइन्झची किटली शेजारी ठेवली आहे, १३८२ ची एक बशी आहे, शाईची दौत आहे आणि सुपरफेस्टचे पेले आहेत. हात लावू नये अशी पाटी लावलेली नाही. उलटी करून खुणा वाचा, पेले एकमेकांत रचून पाहा. चहा तयार आहे, आणि तो याच किटल्यांतून मिळेल. चमचा ठेवायची गरज नाही.